मूठ कुणाच्या मापाची?

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. खास स्त्रियांसाठी म्हणून! दिल्लीच्या २०१२ मधील बलात्कारानंतर 'निर्भया' हे नाव देशभर झाले होते, त्याच नावावरून हे नाव घेतले. बोअर .३२, वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. सोबत गडद लाल रंगाची, दागिन्यांची असते तशी पेटी.

त्या वर्षीच्या रोजगार हमीच्या दराने हिशोब केला, तर ही सातशेहून जास्त दिवसांची मजुरी होते. आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन सोंगणाऱ्या बाईसाठी ते नव्हतेच. शिवाय बाईला मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा असतो. बलात्काराच्या दर शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असल्याचे बहुतेक वर्षांचे सरकारी आकडे सांगतात. तेव्हा बंदूक हे आपले उत्तर नाही, हे आधीच स्पष्ट करते.

माझा प्रश्न वेगळा आहे. 'स्त्रियांसाठी' म्हणताना मोजले काय? वजन मोजले, पर्स मोजली. हात मोजला का?

बाजारात विळा घेताना बाई मूठ धरून पाहते. पिस्तुलाचेही तसेच आहे. अंगठा आणि तर्जनी यांमधला बेचका मुठीच्या मागे, नळीच्या रेषेत बसला पाहिजे. तसाच हात ठेवून तर्जनीचे पुढचे पेर चापावर सहज टेकले पाहिजे. मूठ जाड असली की बोट पोचत नाही. मग हात सरकवावा लागतो, नेम बाजूला जातो आणि गोळीचा झटका अंगठ्याच्या सांध्यावर येतो. मूठ फार लहान असली तर बोट चापात खोल शिरते आणि नेम तसाही चुकतो. वजन कमी केले म्हणजे काम भागले असे नाही. तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली तर झटका जास्त बसतो. त्यातून रिव्हॉल्वर घोडा न चढवता उडवायचे, तर चाप ओढायला साधारण चार-पाच किलोचा जोर लागतो.

याउलट कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे उदाहरण घ्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या खेळात पिस्तूल १,४०० ग्रॅमपर्यंत चालते. पण चापाचा जोर किलोभर असला तरी पुरतो, आणि लाकडी मूठ नेमबाजाच्या हाताप्रमाणे घासून, भरून घेता येते. बाईला पिस्तूल पेलत नाही म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. हाताला बसणारी मूठ मिळाली की बाई नेमही धरते आणि पदकही आणते.

आता पोलिसातल्या बाईकडे येऊ. तिच्या हातातले शस्त्र हौसेचे नाही, कामाचे आहे. १९९४ च्या महिला धोरणानंतर राज्याच्या नोकऱ्यांत तीस टक्के जागा आपल्या झाल्या. रिसोड, मानोऱ्याकडच्या मुली पहाटे अंधारात रस्त्यावर धावतात, त्या याच भरतीसाठी. भरतीत मुलीला उंची १५५ सेंटीमीटर, मुलाला १६५. मुलीचा गोळा चार किलोचा, मुलाचा ७.२६ किलोचा. म्हणजे शरीर वेगळे आहे हे शासनाला ठाऊक आहे! पण प्रशिक्षण संपवून आलेल्या मुलींना मी विचारते, "बंदूक देताना तुझा हात कुणी पाहिला का गं?" त्या हसतात. नेम चुकला की मात्र ऐकवले जाते, "बायकांचे काम नाही." मग टेबलाचे काम, नाहीतर बंदोबस्तात बायकांची रांग सांभाळायची. दोष मुठीचा आणि शिक्षा बाईला!

सगळ्यांना एकच शस्त्र हवे, असे अधिकारी म्हणतील. ठीक आहे. एकाच पिस्तुलाला मुठीची मागची पट्टी बदलता येते. वॉल्थर कंपनीने १९९० च्या दशकातच तसे पिस्तूल काढले, ग्लॉकने २०१० मध्ये. बुटाचा नंबर विचारता, मग हाताचा का नाही? लहान हाताच्या पुरुष शिपायालाही त्याचा फायदाच आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मागण्या या:

पोलीस प्रशिक्षणात प्रत्येकीच्या हाताचे माप घ्या आणि रिकाम्या शस्त्रावर बोट पोचते का ते पाहा. नवी खरेदी करताना मूठ बदलता येणारीच शस्त्रे घ्या. खरेदीपूर्वीच्या चाचणीत महिला शिपायांना घ्या, त्यांचे मत लेखी नोंदवा. मूठ मापाची दिल्याशिवाय नेमबाजीच्या गुणांवरून कुणा बाईला कामावरून बाजूला सारू नका.

दागिन्यांची पेटी आम्हाला नको. हाताच्या मापाची मूठ द्या.