मोठ्या रविवारचा मोह

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांदरम्यान बहुधा जूनमध्ये होणारी कॉम्रेड्स मॅरेथॉन मराठी धावपटूंना आता नवखी राहिलेली नाही. मुंबई-पुण्याचे डॉक्टर, बँकेतले अधिकारी, आयटीतले नोकरदार, चाळिशी-पन्नाशीतले स्त्री-पुरुष तिथे जातात आणि पदक गळ्यात घालून परततात. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ही शर्यत सुरू झाली. त्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणच अखेरपर्यंत पोहोचले. आज हजारो लोक धावतात. अंतर साधारण ९० किलोमीटर, मुदत १२ तास. मुदत संपताना एक पदाधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर दोन पावलांवर असलेल्यालाही पदक मिळत नाही. या बाराची धास्ती हौशी धावपटू सहा महिने आधीच घेतो आणि सरावात एकच गोष्ट वाढवत नेतो, ती म्हणजे रविवारची लाँग रन. आधी ३५ किलोमीटर, मग ४५, मग ६०. त्याचा फोटो स्ट्रावा ॲपवर चढतो, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडतो. मंगळवार ते शुक्रवार मात्र जमलं तर जमलं. माझे म्हणणे असे की नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाची अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत, मधल्या वारांच्या साध्या, संथ धावण्यावर उभी राहते, आणि मोठ्या रविवारचे जे स्तोम आपल्याकडे माजले आहे ते त्याला शर्यतीच्या जवळ नेण्याऐवजी फिजिओथेरपिस्टच्या दारात नेते.

आधी साधा हिशेब करू. ९० किलोमीटर १२ तासांत म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे. भराभर चालणाऱ्या माणसाला एक किलोमीटर चालायला दहा मिनिटे लागतात. चार किलोमीटर सात मिनिटांच्या पेसने धावून पाचवा चालत काढला, तर पाच किलोमीटरला ३८ मिनिटे होतात आणि ९० किलोमीटर ११ तास २४ मिनिटांत संपतात. वाटेत पाण्याचे पाऊच घ्यायला, मिठात घोळवलेला उकडलेला बटाटा खायला, शौचाला थांबायला ३६ मिनिटे उरतात. चढांवर पेस पडतो, त्यामुळे एवढी मोकळीक प्रत्यक्षात राहत नाही हे खरे. पण मुद्दा निसटत नाही. दहा किलोमीटर तासाभरात काढणारा आपला हौशी धावपटू सरावात सहा-साडेसहाच्या पेसने पळतो, आणि शर्यतीत त्याला साडेसात-आठने जायचे असते. ज्या वेगाने बारा तास काढायचे त्या वेगाची त्याला सवयच नसते. ती आठवड्यातून एकदा सात तास पळून लागत नाही. रोज तासभर, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश धावून लागते.

दुखापतींबाबतचा पुरावाही याच दिशेने जातो. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम प्रत्येक कोच सांगतो. २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतील नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्याच्या बेरजेतली वाढ आणि दुखापत यांचा अपेक्षित संबंध त्यात दिसला नाही. संबंध दिसला तो एकाच वेळी मारलेल्या उडीशी. गेल्या तीस दिवसांत जी सर्वांत लांब रन झाली असेल, तिच्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक लांब पळणाऱ्यांच्या दुखापती स्पष्टपणे वाढल्या. दुपटीपलीकडे गेलेल्यांचा धोका तर दुपटीहून जास्त झाला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे आणि त्यातले सगळे काही अल्ट्रावाले नव्हते, तेव्हा त्याला वेदवाक्य मानायचे कारण नाही. पण आपल्याकडच्या तयारीचा आराखडा समोर ठेवून तो वाचावा. ३० किलोमीटरवरून थेट ४५, कारण ‘या रविवारी सगळा ग्रुप ४५ करतोय’. दहा टक्क्यांच्या हिशेबाने त्या माणसाने ३३ वर थांबायला हवे होते.

असे का होते, हे शरीराच्या व्यवहारात पाहता येते. नियमित धावू लागलेल्या माणसाचा दम काही आठवड्यांत वाढतो. जिना चढताना धाप लागत नाही, नाडी खाली येते. स्नायुबंध आणि हाडे मात्र तेवढ्या घाईने तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. दम आहे म्हणून पाय ५० किलोमीटर पळतात आणि नडगी, टाच, गुडघा महिनाभराने हिशेब मागतात. दुसरी बाजू इंधनाची. किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ९० किलोमीटरसाठी सुमारे ५,८५० लागतील. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा ढोबळमानाने २,००० किलोकॅलरींचा. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके पोटात ढकलली, तर अकरा तासांत आणखी २,६४० मिळतात. तूट उरतेच, आणि साठा तळाला जाऊ द्यायचा नसल्याने ती आणखी वाढते. ती चरबीतून भरायची, आणि चरबी सहज जाळण्याची सवय स्नायूंना संथ, वारंवार धावण्यानेच सर्वांत कमी किमतीत लागते. जगातले अव्वल सहनशक्ती खेळाडू आपल्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग हलक्या तीव्रतेवर करतात, ही स्टीफन सायलर या संशोधकाने मांडलेली गोष्ट आता बहुतेक प्रशिक्षकांना तोंडपाठ आहे. ती आचरणात मात्र क्वचित दिसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा, आणि तो खरा आहे. लोकल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन-तीन तास घालवणाऱ्याने रोज धावायचे कधी? त्याच्याकडे रविवारच तर आहे! पण त्या रविवारची किंमत एकदा मोजावी. जूनच्या शर्यतीसाठी सरावाचे भरगच्च महिने मार्च, एप्रिल आणि मे, म्हणजे आपल्याकडचा ऐन उन्हाळा. साडेसातच्या पेसने ६० किलोमीटरला साडेसात तास लागतात. पहाटे तीनला निघाला तरी माणूस साडेदहाला परत येतो. शनिवारची झोप गेली, शेवटचे दोन-अडीच तास मुंबईच्या दमट उन्हात गेले, उरलेला रविवार पडून काढला, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि सोमवार-मंगळवार पाय उचलत नाहीत म्हणून सुटले. पदरात पडले ६० किलोमीटर आणि मागून कसेबसे दहा. तोच माणूस मंगळवारी १०, बुधवारी १२, गुरुवारी १०, शनिवारी २० आणि रविवारी २८ पळाला तर ८० होतात, आणि शनिवार-रविवारच्या जोडीमुळे थकलेल्या पायांनी धावायचा सरावही होतो. कामाच्या दिवशी लागतात सव्वा ते दीड तास. तेवढेही वर्षातले चार महिने निघत नसतील, तर अडचण सरावाच्या पद्धतीची नाही. ते वर्ष अल्ट्राचे नाही.

दुसरा आक्षेप मनाचा. कधी ६० पाहिलेच नाहीत तर ७० व्या किलोमीटरला मन कसे टिकणार, असे अनुभवी धावपटू विचारतात. यात तथ्य आहे आणि म्हणूनच एखादी खरोखर लांब रन हवीच. केपटाऊनची टू ओशन्स ही ५६ किलोमीटरची शर्यत कॉम्रेड्सच्या काही आठवडे आधी येते आणि बरेच जण ती सराव म्हणून सावकाश धावतात. तिथपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी पोहोचून वर्षातून एकदा एवढे अंतर पळणे वेगळे आणि महिन्यातून तीन रविवार तेच करणे वेगळे. मन टिकवायचे तर मांड्याही टिकाव्या लागतात. पीटरमारित्झबर्गहून डर्बनकडे उतरताना उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना जो मार बसतो तो सोसायची तयारी उतारावर पळूनच होते. स्नायू एका उतारसरावाची आठवण काही आठवडे ठेवतात, त्यामुळे त्यासाठीही आठ तासांची गरज नाही. सिंहगडाच्या किंवा यवतेश्वरच्या घाटरस्त्यावर दहा-बारा किलोमीटरचा नियमित फेरा पुरतो. अपुऱ्या तयारीने आलेला माणूस ५० नंतर दुखणे मारायला ब्रुफेन गिळतो. झिजलेले स्नायू, कमी झालेले पाणी आणि वर वेदनाशामक गोळी, हे मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे मिश्रण आहे. मनाच्या ताकदीने ते पचत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासातून काढला जातो: आर्थर न्यूटन. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला हा शेतकरी सरकारने जमिनीबाबत आपल्यावर अन्याय केला, याकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून १९२२ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर धावू लागला आणि त्याच वर्षी कॉम्रेड्स जिंकला. पुढे आणखी चारदा जिंकला. मग संथ मुरण्याची ही भाषा कशाला? न्यूटन अपवाद होता हे उघड आहे. पण त्याने मागे ठेवलेली शिकवण पाहिली तर ती आपल्या मोठ्या रविवारच्या बाजूने उभी राहत नाही. वारंवार पळा, हळूहळू वाढवा, आधी अंतर मग वेग, आणि सरावात शर्यत लावू नका, हे त्याचे सांगणे होते. तो रोज प्रचंड अंतर पळे, ते आपल्याला जमणार नाही. ‘रोज’ हा भाग मात्र जमण्यासारखा आहे.

तेव्हा आपल्या शहरांतल्या प्रशिक्षकांना विनंती अशी की अल्ट्राच्या तुकडीत नाव घेताना ‘आजवरची सर्वांत लांब रन किती’ हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न ‘गेल्या तीस दिवसांत किती दिवस पळालात’ हा असावा. उत्तर पंधराच्या खाली असेल तर फी परत करावी आणि त्या माणसाला यंदा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला पाठवावे. २१ किलोमीटरच आहेत, पण यवतेश्वरचा घाट पुरेसा दमवतो.