दिवे खिडक्यांतले, शहर रहिवाशांचं

डिसेंबरच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ल्यों शहरात चार रात्री प्रकाशोत्सव भरतो आणि लाखो पर्यटक तो पाहायला येतात. कॅथीड्रलच्या आणि जुन्या इमारतींच्या भिंतींवर कलावंत हलती चित्रं उमटवतात. ते देखणं असतंच, पण या उत्सवाचा जीव राहत्या घरांच्या खिडक्यांत आहे. शहराने पैसा आणि काळजी आधी तिथे खर्च करावी, असं मला ठामपणे वाटतं.

या प्रथेचा जन्मच तसा आहे. १८५२ मध्ये फुर्व्हिएर टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. सोन नदीच्या पुरामुळे सप्टेंबरमधला सोहळा ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आलं. संध्याकाळी आभाळ निवळलं, तेव्हा घराघरांतल्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. आजचा भव्य उत्सव १९९९ नंतरचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले आणि तो रद्द करावा लागला. तरीही ८ डिसेंबरला लोकांनी काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्त्या लावून मृतांना श्रद्धांजली वाहिली. भव्य रोषणाई रद्द झाल्यावरही जो टिकला, तोच या उत्सवाचा गाभा.

खिडकीतल्या मेणबत्तीसाठी परदेशातून कोण येणार, हॉटेलं आणि दुकानं चालतात ती रोषणाईवरच, असा आक्षेप येईल. कमाईचा मुद्दा खराच, आणि कलावंतांना मिळणारं व्यासपीठही मोलाचं आहे. पण भिंतीवरचा प्रकाशखेळ आज कितीतरी शहरं करतात. एकाच रात्री अख्ख्या गल्लीने दिवे लावणं भाड्याने आणता येत नाही. प्रथा मूळची कॅथलिक, मग धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाने ती का जपावी, असंही कुणी म्हणेल. तर २०१५ च्या त्या मेणबत्त्या धर्म विचारून लागल्या नव्हत्या.

म्हणूनच या उत्सवाला खरा धोका मला रोषणाईच्या विजेच्या बिलापेक्षा घरांच्या बाजारात दिसतो. जुन्या ल्योंला १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा वस्तीत सदनिका पर्यटकांना चार-चार रात्रींसाठी भाड्याने जाऊ लागल्या, की आठ तारखेला दिवा लावणारं माणूसच तिथे उरत नाही. अल्पमुदतीच्या भाड्यावर कडक मर्यादा आणि उत्सवाच्या रात्री रहिवाशांना घरापर्यंत मोकळी वाट, या दोन गोष्टी नव्या प्रोजेक्टरच्या आधी व्हायला हव्यात. उत्सवाला जाणाऱ्यानेही निदान आठ तारखेची रात्र साधावी आणि मुख्य चौक सोडून राहत्या गल्ल्यांतून फिरावं.