गालिच्यावर कारागिराचे नाव का नको?

फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोम याने १८८७ साली कैरोच्या गालिचा बाजाराचे एक चित्र रंगवले. ते आज अमेरिकेत मिनियापोलिसच्या कला संग्रहालयात आहे. वरून खाली सोडलेला भलामोठा गालिचा, समोर उंची झगे घातलेली गिऱ्हाइके, पायाशी आणखी माल. आम्हा कापडवाल्यांना हा देखावा नवा नाही. ठाण झटक्यात उलगडले की निम्मा सौदा तिथेच होतो. चित्रकाराला दुकानदारी कळत होती, असेच म्हणावे लागेल.

मात्र मालाची खरी पारख पाठीवर होते. कोपरा उलटा करा, गाठी मोजा. हातविणीच्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचेच धागे. मशीनच्या मालाला ती बहुधा वरून शिवलेली असते. पाहुण्यांच्या दिवाणखान्यासाठी हजारो रुपये मोजणारे लोक एवढेही पाहत नाहीत, याचे नवल वाटते.

त्या चित्रात विकणारा आहे, घेणारा आहे, विणणारा नाही. आपल्या धंद्याचेही तेच आहे. इराणचा अर्दबील गालिचा याला अपवाद. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे साल आणि काशानच्या मकसूदचे नाव विणलेले आहे. रेशमी ताणा-बाणा, वर लोकर, चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी. लंडनच्या संग्रहालयाने तो १८९३ साली २,००० पौंडांना घेतला. विल्यम मॉरिसने शिफारस केली होती. त्याची डागडुजी मात्र जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे लावून केलेली. व्यापाऱ्यांची ही हुशारी मला पटत नाही. एक पुरा करण्यासाठी दुसरा कायमचा अधुरा केला.

आपल्याकडे भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावाचे नाव झाले, ठीक. पण मागावर महिनोन्महिने बसणाऱ्याचे काय? पाठीवरच्या चिंधीवर त्याचे नाव, गाठींची संख्या आणि विणायला लागलेले दिवस लिहावेत, असे माझे मत आहे. दिवस कळले की गिऱ्हाईक भाव पाडताना जरा थांबेल, आणि मजुरी किती दिली हा सवाल आपल्यालाही टाळता येणार नाही.

काही दुकानदार म्हणतात, नाव दिले तर गिऱ्हाईक थेट कारागिराकडे जाईल. जाईना का! लोकर, रंग आणि धुलाईत पैसा अडकवून, उधारी सांभाळून माल विकायचा तर त्याला आपली गरज लागणारच.