गाठीला चार पैसे : प्रवास घडवण्याचं शिक्षण



ह्या वेळच्या पत्रांत सांगलीकडच्या एका भगिनीचं पत्र आहे. वय छत्तीस, शिक्षण बी. कॉम., दोन्ही मुलं शाळेत जाणारी. ट्रॅव्हल अँड टूरिझमचा डिप्लोमा करावा असं त्यांच्या मनात आहे. शहरातल्या एका संस्थेनं साठ हजार रुपये फी सांगितली आणि नोकरीची हमीही दिली. फीसाठी माहेरच्या पाटल्या मोडाव्यात का, आणि ह्या वयात आपल्याला कोण नोकरी देणार, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पाटल्यांचा प्रश्न आहे, तेव्हा आधी उत्तर देते. ताई, पाटल्या आज मोडू नका. शिकायचा विचार मात्र मुळीच सोडू नका. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते. कारण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही.

काम एक नव्हे, पाच

‘टूरिझम’ म्हटलं की आपल्याला विमानतळावर छत्री उंच धरून चालणारी मुलगी दिसते. पण ती ह्या धंद्याची एकच बाजू झाली. ऑफिसात बसून तिकिटं आणि व्हिसाची कागदपत्रं करणं हे एक काम. सहलीची आखणी करणं, म्हणजे कुठल्या दिवशी कुठे, मुक्काम कुठे, जेवण कुठे, हे दुसरं. सहलीबरोबर टूर लीडर म्हणून जाणं तिसरं. एकाच गावची, लेण्यांची वा किल्ल्याची माहिती सांगणारी गाइड होणं चौथं. आणि आपल्याच घरात किंवा शेतावर पाहुणे उतरवणं पाचवं. प्रत्येकाचं शिक्षण निराळं आणि घरातून उचलावा लागणारा वेळही निराळा. आपल्याला ह्यातलं कुठलं जमेल हे ठरवण्याआधी फी भरणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवायला टाकणं!

ह्या धंद्याचा आद्य पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो थॉमस कुक मूळचा सुतारकाम करणारा. 1841 साली त्यानं इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. अंतर जेमतेम अकरा-बारा मैल. पण दुसऱ्याच्या प्रवासाची यातायात आपण अंगावर घ्यायची, हे त्यानं ओळखलं. लग्नाचं वऱ्हाड नेण्या-आणण्याची व्यवस्था केलेल्या बाईला हे निराळं शिकवायला नको.

शिक्षण कुठे मिळतं?

घर सांभाळून शिकायचं तर ‘इग्नू’चा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, पर्यटनाचा डिप्लोमा आधी पाहा. बारावी झालेल्या कोणालाही तो दूरशिक्षणानं करता येतो. वयाची आडकाठी नाही आणि फी खाजगी संस्थांच्या मानानं पुष्कळच कमी.

विमानाच्या तिकिटांचं काम करायचं असेल तर ‘आयाटा’चं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. विमान कंपन्यांची ही जागतिक संघटना 1945 साली स्थापन झाली, मुख्य कचेरी कॅनडात माँट्रियलला. ह्या कामात अमाडियस, गॅलिलिओ अशा संगणक-प्रणाल्या आणि विमानतळांची तीन अक्षरी नावं शिकावी लागतात. नुसती घोकंपट्टी नाही हं ती! गोव्याचंच बघा. दाबोळीचं नाव ‘जीओआय’, तर 2023 साली सुरू झालेल्या मोपाचं ‘जीओएक्स’. एक दक्षिणेला, दुसरा पार उत्तरेला. काणकोणला उतरणाऱ्या कुटुंबाला चुकून मोपाचं तिकीट काढून दिलं, तर टॅक्सीच्या भाड्यात त्यांचा सहलीचा सगळा आनंद जायचा.

मुलगी किंवा भाची बारावीला असेल तर तिच्यासाठी भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था आहे. 1983 साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था ग्वाल्हेरला आहे आणि तिची एक शाखा गोव्यातही आहे. शिक्षण पूर्ण वेळाचं, म्हणून आपल्यापेक्षा मुलींच्या उपयोगाचं.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं 27 सप्टेंबर 2024 रोजी, जागतिक पर्यटनदिनी, ‘पर्यटन मित्र’ आणि ‘पर्यटन दीदी’ हा उपक्रम जाहीर केला. रिक्षावाले, हॉटेलातले कामगार, घरगुती निवास चालवणाऱ्या बायका, अशा सर्वांना पाहुण्यांशी कसं वागावं आणि आपल्या गावाच्या गोष्टी कशा सांगाव्यात हे त्यात शिकवतात. गाइड व्हायचं असेल तर एक लक्षात ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही.

फी भरण्याआधी

कुठल्याही संस्थेत गेलात तरी हे पाच प्रश्न न लाजता विचारा :

1. प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, आयाटा, की तुम्हीच? मोठं नाव सांगितलं तर त्या मूळ संस्थेकडून खात्री करून घ्या.
2. नोकरीची हमी कागदावर लिहून देता का? गेल्या वर्षीच्या तीन विद्यार्थिनींना भेटता येईल का?
3. आरक्षणाची प्रणाली संगणकावर स्वतः हाताळायला मिळेल, की नुसती फळ्यावर दाखवणार?
4. फी हप्त्यानं घेता का? मध्येच सोडावं लागलं तर किती परत? पावती कशी?
5. एक दिवस वर्गात बसून पाहू का?

शेवटच्या प्रश्नाला जी संस्था कां कूं करील, तिथून पर्स उचलून सरळ घरी या.

घरच्या घरी अभ्यास

मी शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते. मुलांना सहलीची आखणी करायला लावते, तसा तुम्हालाही एक अभ्यास देते. बारा बायका, दोन दिवस, वेरूळ आणि अजिंठा. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. रविवारी रात्री पोचायचं, सोमवार-मंगळवार पाहायचं, मंगळवारी रात्री परत. कुठलं लेणं आधी घ्याल?

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, ह्या क्रमानं दोन्ही होतात. क्रम उलटा केलात की दोन्ही दिवस बंद दारं बघून परत! पुढे पाहा. वेरूळ गावापासून तीसेक किलोमीटर, तेव्हा वाटेत देवगिरीला थांबता येतं. अजिंठा शंभरेक किलोमीटर, म्हणून पहाटे निघायचं. तिथे आपली गाडी खालीच ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं आणि वर पायऱ्या आहेत. मग गुडघे दुखणाऱ्या दोघींचं काय? वाटेत स्वच्छतागृह कुठे? उपासवालीला काय मिळेल? हे सगळं कागदावर उतरलं, खर्चाचा आकडा माणशी काढता आला, की तुम्ही ह्या धंद्याचं निम्मं शिक्षण फुकटात घेतलंत.

घरचं गणित

आता जरा स्पष्ट बोलते. ह्या धंद्यात कामाची घाई असते दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते आणि नणंदा माहेरपणाला येतात. टूर लीडर झालात तर आठ-पंधरा दिवस बाहेर राहावं लागेल. तेव्हा मे महिन्यात घर कोण बघणार, हे यजमानांशी आणि सासूबाईंशी प्रवेश घेण्याआधीच बोला. मुलं लहान असतील तर आखणीचं किंवा तिकिटांचं काम बरं. मुलं हाताशी आली की सहलीबरोबर जावं.

आणि वयाचं म्हणाल, तर खास बायकांच्या सहली आता ठिकठिकाणच्या कंपन्या काढतात. साठीच्या आजींना वेळेवर गोळी घ्यायची आठवण करणारी, रुसलेल्या दोघींना एका खोलीत गोडीनं ठेवणारी बाई तिथे हवी असते. तो अनुभव वीस वर्षांच्या मुलीजवळ कुठून असणार?

स्वतःचा व्यवसाय करायचा झाला तर महाराष्ट्र सरकारचं 2023 सालचं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आहे. त्यात 15 लाख रुपयांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, एकूण साडेचार लाखांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदवलेला हवा. हप्ते मात्र आपण आधी वेळेवर भरायचे असतात, हे विसरू नका.

तर सांगलीच्या ताई, तुमच्यासाठी क्रम असा. आधी दूरशिक्षणाचा डिप्लोमा. त्याच्या जोडीला गावातल्या एखाद्या ट्रॅव्हल कचेरीत मुलांच्या शाळेच्या वेळात तीन-चार महिने बसून काम शिका, पगार बेताचा मिळाला तरी चालेल. तेवढ्यात मन रमलं आणि तिकिटांचंच काम करावंसं वाटलं, तर पुढच्या परीक्षेचा खर्च पगारातून जमवा. पाटल्या तोवर कपाटातच असू द्या. उद्या स्वतःची कचेरी थाटायची वेळ आली, तर तेव्हा त्यांचा विचार करू.

वर दिलेला अभ्यास तुमच्या आवडत्या ठिकाणासाठी करून, माणशी खर्चासह, जरूर पाठवा. निवडक आखण्यांवर पुढे कधीतरी लिहीन.