डोंगरातील दप्तर

प्राचीन भारताने जगाला काय दिले, हा प्रश्न आपल्याकडे सभांतून आणि व्यासपीठांवरून ज्या आवेशाने विचारला जातो, त्या आवेशाने त्याचे उत्तर शोधण्यासाठी एखादा डोंगर चढून जाणारा गृहस्थ क्वचितच आढळतो. आणि ज्या पुणे जिल्ह्याच्या कातळांत या उत्तराचा फार मोठा भाग प्रत्यक्ष अक्षरांत आणि अंकांत कोरून ठेवलेला आहे, त्या जिल्ह्यातील रहिवाशांनी तरी या बाबतीत इतकी उदासीनता दाखवावी, हे आश्चर्य म्हणावे लागेल.

बावधनचेच उदाहरण घ्यावे. मुळशी तालुक्याच्या दप्तरात गाव म्हणून नोंदलेले बावधन बुद्रुक 2021 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, आणि ज्या रामनदीच्या काठाने पूर्वी शेते होती तेथे आज संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांच्या इमारती उभ्या आहेत. या सुशिक्षित वस्तीत, आणि पुण्याच्या इतर कोणत्याही सुशिक्षित वस्तीत, सकाळच्या चहाबरोबर भ्रमणध्वनीवर जे संदेश फिरतात त्यांत पुष्पक विमानाचे तंत्र आणि पुराणकाळातील शस्त्रक्रिया यांचा उल्लेख नित्याचा असतो. परंतु त्याच भ्रमणध्वनीवर ज्या अंकांनी आपण क्रमांक फिरवतो त्या अंकांच्या सर्वांत जुन्या लेखी दाखल्यांपैकी एक याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नरपलीकडे नाणेघाटात आहे, याची दखल त्या संदेशांत सहसा नसते. आणि अभिमान बाळगण्यासारखे खरे काही नसते तर कल्पित गोष्टींचा आधार घेणे एक वेळ क्षम्य ठरले असते.

नाणेघाटातील लेणे ही वास्तविक भिक्षूंची राहण्याची जागा नव्हे. कोकणातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला जेथे पहिला श्वास घ्यावासा वाटेल, नेमक्या त्या जागी सातवाहनांनी आपल्या राजकुलाच्या प्रतिमा कोरल्या. त्या प्रतिमा आज नष्ट झाल्या असून त्यांच्या वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे काही अवशेष तेवढे शिल्लक आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील जो ब्राह्मी लेख आहे, आणि जो राणी नागनिकेचा म्हणून सामान्यतः ओळखला जातो, त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी कार्षापण नाणी. एखाद्या दक्ष कारकुनाने जमाखर्च मांडावा तसा हा मजकूर असून, रकमा अंकांत लिहिल्यामुळेच तो जगाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. भगवानलाल इंद्रजी या थोर संशोधकाने एकोणिसाव्या शतकात या अंकांचा उलगडा केला. दहाला स्वतंत्र खूण, वीसला स्वतंत्र, शंभराला स्वतंत्र, हजाराला स्वतंत्र. आणि चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडावयाची, अशी ही पद्धत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अतिशयोक्तीचा मोह याच ठिकाणी होतो. नाणेघाटात शून्य नाही, आणि स्थानपरत्वे किंमत बदलण्याची युक्तीही नाही. त्या दोन्ही गोष्टी पुढील काही शतकांत भारतीय गणितज्ञांनी सिद्ध केल्या. इसवी सन 628 मध्ये भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने शून्याशी करावयाच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले, आणि 662 साली सीरियातील सेव्हेरस सेबोख्त नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने हिंदू लोकांच्या नऊ चिन्हांनी चालणाऱ्या गणनेची वाखाणणी केली. आठव्या शतकात खलिफा अल्‌-मन्सूरच्या दरबारी हे ज्ञान बगदादला पोहोचले, नवव्या शतकात अल्‌-ख्वारिझ्मीने त्यावर ग्रंथ रचला, आणि 1202 मध्ये पिसा नगरीच्या लिओनार्दोने ते लॅटिन वाचकांपुढे विस्ताराने मांडले. तरीही फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने 1299 साली आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्याची मनाई केली होती! मनाईहुकूम मागे पडला आणि अंक राहिले, याचे कारण त्यांच्यामागे एखादे सैन्य होते हे नसून त्यांनी हिशेब सोपा होत होता, इतकेच आहे.

परंतु केवळ नाणेघाटावर थांबल्यास या कथेचा अर्धाच भाग हाती येतो, व तोही राजघराण्याचा. बावधनहून बाह्यवळण रस्त्याने निघून जुन्या मुंबई रस्त्याला लागले म्हणजे पुढे शेलारवाडीचा डोंगर येतो, ज्याला लोक घोरावडेश्वर म्हणून ओळखतात आणि जेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. डोंगराच्या माथ्याजवळ बौद्ध लेणी असून त्यांतील एका लेण्यात पुढे शिवलिंगाची स्थापना झाली. तेथील एका शिलालेखात म्हटले आहे की, हे लेणे धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची पत्नी सिअगुतनिका हिचे धर्मदान आहे. नांगरधाऱ्याची बायको, आणि दान लेण्याचे! तिच्यापाशी इतके द्रव्य कोठून आले असावे, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या विचाराला दिशा मिळते ती कार्ल्यात. एकवीरेच्या देवळामागील त्या प्रचंड चैत्यगृहात, ज्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही आपल्या जागी टिकून आहेत, खांबाखांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि त्यांतील अनेक दाते स्वतःला धेनुकाकटचे यवन म्हणवितात. म्हणजे शेलारवाडीची शेतकरीण आणि कार्ल्याचा यवन एकाच गावचे! हे गाव नेमके कोणते, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी डहाणू सुचविले, कोणी आंध्रातील धरणीकोट, तर दामोदर कोसंबींनी ते कार्ल्याच्याच परिसरात असावे असे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखकास कोसंबींचा तर्क अधिक पटतो, कारण नांगर धरणारे कुटुंब दान देण्यासाठी फार लांबच्या मुलखातून येईल असे वाटत नाही. या यवनांची नावेही पाहण्यासारखी आहेत. सिहधय, म्हणजे सिंहध्वज, धम्म, यसवधन अशी ती आहेत. हे लोक मुळात ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेले अन्य कोणी, हा वाद बाजूस ठेवला तरी, परकीय म्हणून ओळखला जाणारा मनुष्य येथील नाव धारण करतो, येथील धर्माला दान देतो आणि आपले यवनपण लपवीतही नाही, एवढे निर्विवाद आहे. जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, खोदविल्या आणि चिट नावाच्याने संघासाठी भोजनमंडप दिला. ही नावे बदललेली दिसत नाहीत. पण पोढीचे पाणी मात्र सर्वांनाच मिळाले असणार.

हा सर्व संसार व्यापारावर उभा होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक नाविकाने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवर्णनात कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची, तसेच पैठण आणि तगर म्हणजे तेर या घाटमाथ्यावरील पेठांची नावे आहेत. तेथून गाड्यांनी भडोचला जाणारे सुती कापड आणि गोमेदाचे दगड यांचाही तपशील त्यात आहे. ते कापड केव्हाच विरून गेले. पण 79 साली ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरात हस्तिदंताची जी भारतीय स्त्रीप्रतिमा 1938 मध्ये सापडली, तिच्याशी जवळचे साम्य असणाऱ्या प्रतिमा आपल्याच मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. उलट दिशेने आलेला पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ब्राँझच्या मूर्तीच्या रूपाने सापडला व तो आज तेथील टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतो.

तेव्हा प्रभाव एकतर्फी होता असे समजणे चुकीचे आहे. बेडसे येथील लेण्याच्या स्तंभांची घंटाकृती शीर्षे इराणी शैलीची आठवण करून देतात, आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले संपूर्णपणे येथील आहेत. वराहमिहिराने आपल्या ग्रंथात ज्या पाच सिद्धांतांचे सार दिले त्यांत रोमक आणि पौलिश हे दोन पश्चिमेकडून आलेले आहेत, आणि हे सांगताना त्याला कसलाही कमीपणा वाटला नाही. घेण्याची लाज नसलेला समाजच देण्यास समर्थ असतो, असे या पुराव्यावरून म्हणता येईल. आणि आज आपण जगाला सर्व काही दिले व कोणाकडून काही घेतले नाही असे सांगणारे देशभक्त आपल्या पूर्वजांचा गौरव करीत नसून त्यांच्या शहाणपणावर अविश्वास दाखवीत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला प्रश्न या दप्तराच्या राखणीचा. सनदा आणि इनामपत्रे कापडी रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपणारा आपला समाज कातळावरील लेखाशेजारी खडूने, रंगाने, प्रसंगी टोच्याने आपले नाव लिहावयास मागेपुढे पाहत नाही. पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी प्रत्येक डोंगरावर अहोरात्र उभे करणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येक शिलालेखाचा देवनागरी पाठ आणि त्याचा सोपा मराठी अर्थ लेण्याच्या तोंडाशी एका टिकाऊ फलकावर असावा, ही मागणी अवाजवी खासच नाही. जो लेख वाचता येतो त्यावर ओरखडा काढताना हात निदान क्षणभर तरी थबकेल, अशी आशा आहे.

बावधन, पाषाण, भूगाव या भागांतील शाळांना आमची एक सूचना आहे. सहलीसाठी दरवर्षी जलक्रीडेची उद्याने आणि करमणुकीची केंद्रे निवडली जातात, त्यांपैकी एका वर्षी शेलारवाडी आणि कार्ले यांची निवड करावी. आणि निघण्यापूर्वी मुलांना ब्राह्मीची दहाबारा अक्षरे शिकवावीत, म्हणजे उसभणकाच्या पत्नीचे नाव त्यांना स्वतः शोधून काढता येईल. पालकांनी तर शाळेची वाटही पाहू नये. पावसाळ्यात तेथील कातळ निसरडा असतो. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम, आणि सोबत एक विजेरी अवश्य न्यावी.