कुलूप कोणते, ते आधी ओळखा



पूर्वी आंदोलन मोडायचे तर सरकार रस्ता अडवी, एसटी बंद करी, कार्यकर्त्यांना आदल्या रात्री उचली. आता त्याला आणखी एक सोपे हत्यार मिळाले आहे. मोबाईलचे नेट बंद करायला लाठी लागत नाही. गृहखात्याच्या सचिवाची सही पुरते.

२६ जानेवारी २०२१ ला ट्रॅक्टर मोर्चाच्या दिवशी दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमेवर नेट बंद झाले. १ फेब्रुवारीला 'किसान एकता मोर्चा'सह आंदोलनाची ट्विटरवरची खाती सरकारी आदेशाने काही तास भारतात दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हमीभावाच्या कायद्यासाठी पंजाबचे शेतकरी दिल्लीकडे निघाले, तेव्हा हरयाणाने अंबाल्यापासून सिरशापर्यंत सात जिल्ह्यांचे मोबाईल नेट आणि एकगठ्ठा एसएमएस बंद केले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडने हेच भोगले.

त्या तीन कृषी कायद्यांबद्दल शेतकरी चळवळीत दोन मते होती, आजही आहेत. पण ज्याचे पटत नाही त्याचे तोंड बांधायला आज टाळी वाजवली, तर उद्या तीच दोरी आपल्या तोंडाला येईल.

आणि हा प्रश्न फक्त मोर्चाचा नाही. ई-पीक पाहणी मोबाईलवर. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर नोंदणीही 'कपास किसान' अ‍ॅपवर. सरकारनेच सगळे कागद मोबाईलमध्ये घातले आणि मोबाईलचे नेट तोडायचा अधिकारही स्वतःकडे ठेवला. नेट बंद राहिले म्हणून मुदत टळली, तर तोटा कोणाचा?

तेव्हा कुलपे दोन आहेत, ती वेगळी ओळखा.

पहिले कुलूप एखाद्या संकेतस्थळावर किंवा खात्यावर लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार कंपन्यांना ते बंद करायला सांगते. नियमाने हा व्यवहार गुप्त राहतो, म्हणून कारण आपल्याला कळत नाही. संकेतस्थळ जागेवरच असते. आपली मोबाईल कंपनी तिथली वाट देत नाही, एवढेच. या कुलपाला व्हीपीएन ही किल्ली आहे. पाकिटात पाकीट घालून पत्र दुसऱ्या गावच्या ओळखीच्या माणसाकडे धाडावे आणि त्याने ते पुढे टाकावे, तसे हे काम चालते. मधल्या कंपनीला बाहेरचे पाकीट दिसते, आतले दिसत नाही. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० त टूजी सुरू झाले, तेही ३०१ ठराविक संकेतस्थळांपुरते. तेव्हा लोकांनी हीच वाट धरली.

पण डोळे उघडे ठेवा. तो मधला माणूस आपण कुठे कुठे जातो ते पाहू शकतो. फुकटची काही व्हीपीएन आपली माहिती विकून पोट भरतात. देशात व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही, पण एखाद्या जिल्ह्यात मनाईचा हुकूम निघू शकतो. काश्मीरमध्ये फेब्रुवारी २०२० त गुन्हेही दाखल झाले. आधी हुकूम वाचा, मग पाऊल टाका. आणि कोणाच्या खात्यावरची बंदी पूर्ण देशात असेल, तर त्याचा मजकूर दुसऱ्या खात्यावर, दुसऱ्या पत्त्यावर ठेवणे हे काम मजकूरवाल्याचे आहे.

दुसरे कुलूप नेटच तोडते. इथे व्हीपीएन काही कामाचे नाही. विहीरच आटली तर नवी मोटर बसवून काय होणार? इथे उपयोगी पडते ती जुनी व्यवस्था. हरयाणात २०२४ च्या हुकमातून फोनवरचे बोलणे वगळले होते. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांनी तर डिसेंबर २०२० मध्येच 'ट्रॉली टाइम्स' हे छापील पत्र पंजाबी आणि हिंदीत काढले. ट्रॉलीतून ट्रॉलीत फिरणाऱ्या कागदाला नेट लागत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. नुसता कापूस पेरून आपण पावसाच्या भरवशावर बसत नाही. मध्ये तुरीच्या ओळी टाकतो. निरोपाचेही तसेच असावे. सगळा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे म्हणजे सगळे रान एकाच पिकाखाली घालणे आहे.

कायदाही आपल्या बाजूने काही बोलतो. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की, नेटबंदी बेमुदत ठेवता येत नाही, गरजेपुरतीच असावी आणि तिचा हुकूम जाहीर करावा. एका हुकमाची मुदत नियमाने १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीत चार गोष्टी ठरवा. प्रत्येक गावात दोन माणसांचे फोन नंबर कागदावर असावेत आणि एकाने पाच जणांना फोन करायची साखळी बांधावी. महत्त्वाची पत्रके, अर्ज, पीक पाहणीचे फोटो मेमरी कार्डात आणि छापील प्रतीत ठेवावेत. नेट बंद झाले की त्याच दिवशी तहसीलदाराकडे हुकमाची प्रत लेखी मागावी आणि पोच घ्यावी. चौथी मागणी सरकारकडे : जितके दिवस नेट बंद, तितके दिवस ई-पीक पाहणीची, विम्याची आणि खरेदी नोंदणीची मुदत आपोआप वाढलीच पाहिजे.

भाव मागणाऱ्याला आधी बोलता आले पाहिजे. पुढची नेटबंदी येईल तेव्हा आपला निरोप शेवटच्या वस्तीपर्यंत पोचला, तर ती फुकट गेली असे समजा. त्याची तयारी आजच करा.