पस्तीसचा कायदा, ऐंशीची गाडी

सरकारने १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले, कपाटात ठेवले आणि किल्ली हरवली. त्या नियमांत घोड्यांचे कलम आहे. घोडे नेणारी गाडी ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने हाकू नये. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत. दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, पाय घसरू नये असा तळ हवा, आणि शेजारून धावणाऱ्या गाड्यांना ते बुजू नयेत म्हणून त्यांची तोंडे डावीकडे हवीत. हे कलम ज्याने लिहिले त्याला घोडा कळत होता. ज्यांनी ते पाळून घ्यायचे, त्यांना घोडाही कळला नाही आणि लाजही वाटली नाही!

दत्तजयंतीची यात्रा उलगडू लागली, की तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात संध्याकाळी कोणीही जाऊन पाहावे. सौदा मिटलेला असतो. पिकअप मागे घेत घेत मातीच्या उंचवट्याला लावतात, फाळका पडतो, आणि दिवसभर हलगीवर नाचलेली घोडी दोन माणसांच्या रेट्याने आत चढते. दोर आखूड बांधला जातो. कडब्याच्या पेंढ्यांवर मोतद्दार अंगाची जुडी करून बसतो. चालक तंबाखूचा बार भरतो आणि चावी फिरवतो. तो सकाळी किती वाजता उठला, आदल्या रात्री कुठून आला, हे त्याला कोणी विचारत नाही.

आता साधे त्रैराशिक मांडा. सारंगखेड्याहून पुणे साधारण चारशे किलोमीटर. ताशी ३५ ने निघालात तर नुसते चाक फिरायलाच अकरा तासांहून जास्त लागतात. आणि १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ठरवले, चालकाचे काम दिवसाला आठ तास. म्हणजे दोन्ही कायदे पाळायचे तर गाडीत दोन चालक हवेत, नाही तर वाटेत मुक्काम हवा. प्रत्यक्षात चालक एकच असतो आणि घोडा सकाळी मालकाच्या दारात उतरतो. हे गणित कसे जुळते ते ढाब्यावरच्या पोऱ्यालाही ठाऊक आहे.

सरकार म्हणेल, आम्ही वेगनियंत्रक बसवायला लावला. लावला! १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना तो सक्तीचा आहे. पण तो बांधलेला आहे ८० वर. शाळेची बस, डंपर, टँकर यांना तरी ६० ची वेगळी मर्यादा सुचली. घोडा कोणाच्या ध्यानात आला नाही. एका खात्याचा कायदा ३५ म्हणतो, दुसऱ्या खात्याचे यंत्र ८० पर्यंत मुकाट्याने जाऊ देते. वेग पस्तीसचा ऐंशी झाला की धडकेचा जोर पाचपटीहून जास्त होतो, हे शाळेतल्या पोराला येणारे गणित आहे. आणि त्या यंत्राची तरी काय कथा! पासिंगच्या दिवशी त्याची पूजा आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात तार तोडून मुक्ती, हे गुपित राहिलेले नाही.

घोडा उभ्याने प्रवास करतो. अंगाचा निम्म्याहून जास्त भार त्याच्या पुढच्या पायांवर असतो. प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण तो चार खुरांवर तोलतो. थकला तरी त्याला बसता येत नाही. डोके उंच बांधलेले असल्याने मान खाली घालून घशातला कफ झाडता येत नाही, आणि लांबच्या प्रवासानंतर फुफ्फुसाचा दाह धरतो तो त्यातूनच. शिवछत्रपतींच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. त्या महाराजांच्या नावाने घोषणा देत आपण घोडे नेतो, आणि वाटेत पाण्याची बादली कुठे थांबून दाखवायची हेही ठरवत नाही.

वेगावर आणि चालकाच्या तासांवर युरोपने तोड काढली ती टॅकोग्राफची. गाडी किती वेगाने, किती वेळ चालली आणि केव्हा थांबली, हे ते यंत्र नोंदते. पूर्वी गोल कागदी चकतीवर, आता चालकाच्या कार्डावर. साडेचार तास हाकले की ४५ मिनिटे विश्रांती, दिवसाला साधारणपणे नऊ तासांची मर्यादा. ब्रिटनमध्ये कामगार संघटनांनी त्याला गाडीतला हेर म्हणून विरोध केला; शेवटी १९७९ साली युरोपच्या न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले. आम्हाला विचाराल तर हा हेर चालकाचाच साक्षीदार आहे. ‘मालकाने रात्रभर हाकायला लावले’ असे चालक म्हणतो तेव्हा त्याच्या बाजूने आज कोण उभे राहते?

पण तिथेही पळवाट आहेच. साडेसात टनांपर्यंतची गाडी धंद्यासाठी नसेल, तर हे नियम तिला लागत नाहीत. घोडा हौसेचा, गाडी घरची, मग झाले! आपल्याकडचे हौशी मालकही हेच ऐकवतात: माझा घोडा, माझी गाडी, भाडे कुठे घेतो? अहो, घाटात ब्रेक लागला तर तो घोडा भाड्याचा की घरचा, हे दरीला कळते काय? समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाला कळते काय? खासगी या शब्दाला आम्ही सवलत देणार नाही.

दंडाचे तर हसे आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. लाखांच्या घोड्याला पन्नास रुपये! त्यात दोन माणसांचा चहा आणि वडापावही धड होत नाही.

आम्ही भाबडे नाही. जिथे मोटारी १०० ने धावतात अशा द्रुतगती मार्गावर ३५ ने रांगणारी गाडी स्वतःच अपघाताला आमंत्रण आहे, हे आम्हालाही दिसते. मग १९७८ चा आकडा बदला! पशुवैद्य, चालक आणि रस्ते जाणणारे लोक बसवा, घाटाचा वेगळा, सरळ रस्त्याचा वेगळा असा पाळता येईल तो वेग ठरवा. जो नियम पाळताच येत नाही, तो सगळ्यांनाच खोटे बोलायला शिकवतो. पण वेग एकदा ठरला की तो मोहोरबंद करून गाडीत बसवा, आणि शेजारी तासांची नोंद ठेवणारे यंत्र बसवा. मालक व्यापारी असो, शर्यतीचा शौकीन असो की लग्नाची घोडी पुरवणारा. प्रवासी वाहनांत माग सांगणारे यंत्र सक्तीचे करता आले, तर ते इथे का जमू नये?

सरकार हलेल तेव्हा हलेल. येत्या यात्रेत घोडा घेणाऱ्याने दात पाहावेत, भोवरे पाहावेत, चाल पाहावी. आणि इसार देण्याआधी गाडीवाल्याला एवढेच विचारावे, की दुसरा चालक कुठे आहे? तो नसेल तर घोडा रात्री यात्रेतच बांधावा.